पोप आले तर त्यांना मंडपेश्वरला न्या

प्रति,
भारतातील कॅथलिक बिशप परिषद,
तसेच मुंबईचे आर्चबिशप आणि वसईचे बिशप यांस

आदरणीय महागुरुस्वामी,

जय ख्रिस्त.

पोप भारतात येणार की नाही हे रोममध्ये आणि दिल्लीत ठरतं. वसईला त्यात कोणी विचारत नाही, आणि विचारावं अशी अपेक्षाही नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना निमंत्रण दिलं. तेव्हापासून मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कोणी ना कोणी खात्रीने सांगायचं, की पुढच्या वर्षी नक्की. २१ एप्रिल २०२५ ला फ्रान्सिस गेले आणि भेट राहून गेली. आता लिओ चौदावे आहेत, आणि आज ना उद्या ते येतील असं धरून मी हे लिहितो आहे. पोप एका राष्ट्राचे प्रमुख आणि एका धर्माचे गुरू, दोन्ही असतात. त्यामुळे त्यांना सरकारचं निमंत्रण लागतं तसं तुमचंही लागतं. त्यांनी कुठे जावं आणि कोणाला भेटावं याची पहिली यादी तुमच्याच टेबलावर तयार होते. ती यादी टाइप होण्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं, एवढाच हेतू.

यादी कशी असेल याचा अंदाज कोणीही बांधेल. दिल्लीत राष्ट्रपती भवन आणि राजघाट. केरळ तर हवंच. गोव्यात बॉम जीझस, आणि लिओ स्वतः ऑगस्टिनियन संघाचे असल्यामुळे जुन्या गोव्यातला ऑगस्टिनचा पडका बुरूज कोणीतरी घुसवणारच. मुंबईत मोठ्या मैदानावर मिस्सा. वसईकरांचा हट्ट फारच झाला तर किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियांच्या चर्चला धावती भेट. आणि या सगळ्यात कुठेतरी एका वातानुकूलित सभागृहात दीड तासाची 'सर्वधर्मीय भेट'. प्रत्येक धर्माचा एकेक ज्येष्ठ प्रतिनिधी, समई, पाच मिनिटांची भाषणं, शाल आणि समूहछायाचित्र.

माझं म्हणणं त्या दीड तासाबद्दल आहे. तो सभागृहात घालवू नका. पोपना नालासोपाऱ्याजवळच्या जुन्या सोपाऱ्याला न्या आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेणीला न्या. त्यातही एकच जागा जमणार असेल, तर मंडपेश्वरला.

हे का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा, इथे भरली होती आणि ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र होता. घरोघरी आजही त्याच्या आठवणी निघतात, आणि बहुतेक आठवणी त्या लिंकन गाडीच्या असतात, जी पोपनी जाताना मदर तेरेसांना दिली आणि मदरनी सोडत काढून पैशात बदलली. मला मात्र महत्त्वाचा वाटतो ३ डिसेंबर. त्या दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली 'असतो मा सद्गमय' ही प्रार्थना उद्धृत केली. रोममध्ये तेव्हा जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. इतर धर्मांकडे आदराने पाहणारा तिचा जाहीरनामा, 'नोस्त्रा एताते', संमत झाला २८ ऑक्टोबर १९६५ ला, म्हणजे या भाषणानंतर जवळजवळ अकरा महिन्यांनी. कागद पक्का होण्याआधी त्याचा सूर मुंबईत लागला होता.

त्या भेटीला गोडवाच गोडवा होता असं मात्र कोणी समजू नये. गोवा मुक्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि पोप भारतात जातात याचा पोर्तुगालला इतका राग आला, की त्यांच्या सरकारने उघड निषेध केला. इकडे ऑगस्ट १९६४ मध्ये पवईला विश्व हिंदू परिषद स्थापन झाली. धर्मांतराची चिंता तिच्या संस्थापकांच्या मनात होती, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. म्हणजे त्या सुंदर संस्कृत प्रार्थनेच्या आजूबाजूला जुने हिशेब तसेच पडून होते आणि त्यांना कोणी हात लावला नाही. १९८६ मध्ये दुसरे जॉन पॉल आले, मुंबईत आले, पुण्यालाही गेले. १९९९ मध्ये ते पुन्हा दिल्लीत आले, तेव्हा गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाबद्दल, माफी मागा, अशी जाहीर मागणी झाली. उत्तर कोणी धड दिलं नाही. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक निघेल, असं काहीसं मात्र त्याच दौऱ्यात बोललं गेलं, आणि पुढचे कित्येक महिने आपण ते वाक्य समजावून सांगत बसलो.

सोपाऱ्याकडे येतो.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आतल्या दगडी करंडातल्या बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेले. त्याच साली त्यांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तुकडा लहान आहे, पण गिरनार आणि इतर ठिकाणी हा लेख पूर्ण असल्यामुळे मजकूर काय होता याबद्दल शंका नाही. हा लेख प्रवासाबद्दल आहे. अशोक सांगतो: पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार करत, मौज करत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं, तेही त्याने सांगून ठेवलं आहे. ब्राह्मण आणि श्रमण, दोघांना भेटायचं आणि दान द्यायचं. वृद्धांना भेटायचं. जनपदातल्या लोकांना, म्हणजे खेड्यापाड्यातल्या सामान्य माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धर्मावर बोलायचं, प्रश्नोत्तरं करायची.

मोठ्या माणसाने दौऱ्यावर कसं निघावं याची सूचना या किनाऱ्यावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवली होती, आणि आपण दौऱ्याचा कार्यक्रम ठरवताना हॉटेलांची यादी मागवतो. हा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पोपच्या हाती ठेवायला शाल आणि समईपेक्षा त्याचा ठसा मला कितीतरी योग्य वाटतो.

नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच भुईगावला मिळाला, तो १९५६ मध्ये. त्याच साली ऑक्टोबरमध्ये नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्माचे लोक आज नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, आपल्या शेजारच्या इमारतीत राहतात. सर्वधर्मीय भेटीत बौद्ध प्रतिनिधी म्हणून कोण बसतो ते आठवून पाहा. एखादे तिबेटी लामा, नाहीतर परदेशी भंते. भीमजयंतीला निळा झेंडा घेऊन चालणारा आपला शेजारी त्या रांगेत मला कधी दिसलेला नाही. चर्चच्या बाकावरही जात कशी बसते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागचं कारण मी सांगायला नको.

आपण ख्रिस्ती लोक स्वतःचा इतिहास सांगताना पोर्तुगीज गलबतांपासून सुरुवात करतो. ही खोड आपल्या विरोधकांना फार सोयीची आहे, तरी आपण ती सोडत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापारी-संन्याशाने लिहून ठेवलं आहे, की कल्याणला ख्रिस्ती बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. त्या पूर्वेकडच्या चर्चचं मुख्य पीठ आजच्या बगदादजवळ होतं. म्हणजे वास्को द गामाच्या सुमारे साडेनऊशे वर्षं आधी कल्याणच्या बंदरात मिस्सा होत असणार, आणि तीही लॅटिनमध्ये नव्हे. पुढे १३२१ मध्ये ठाण्याला फ्रान्सिस्कन संघाचे चार संन्यासी मारले गेले: तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते उतरले होते इथल्याच एका ख्रिस्ती घरात. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, प्रकरण काझीपर्यंत गेलं, साक्षीला या पाहुण्यांना बोलावलं, बोलता बोलता धर्माचा विषय निघाला आणि पैगंबरांबद्दल त्यांनी जे उत्तर दिलं त्यावरून त्यांचा जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डेनस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. काही काळाने ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन आला आणि ती हाडं उचलून थेट चीनला घेऊन गेला. हा ओदोरिक ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं असल्याचं नोंदवतो. पंधरा! ती घरं पुढे कुठे विरली, कोणत्या समाजात मिसळली, कोण जाणे.

त्याच ठाण्यात आज मासुंदा तलावाजवळ कौपिनेश्वराचं देऊळ आहे, संत योहान बाप्तिस्ताचं चर्च आहे, आणि थोडं पुढे टेंभी नाक्याकडे १८७९ चं सिनेगॉग आहे, जिथे मराठी बोलणारे बेने इस्रायल अजून शब्बाथला जमतात. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत. पर्यटक तेव्हाही भिंतीवर नाव लिहीतच होता. माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला बुधवारी कोण कोण येतं आणि मखदूम बाबांच्या दर्ग्यावर कोण कोण जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

इथपर्यंतचा सगळा पट भाषणात घ्यायला सोपा आहे. कोणीही टाळ्या वाजवील. मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सचं नाव घेतलं की तर वाजतातच, म्हणून मी ते लांबवत नाही. अवघड भाग बोरिवलीला आहे.

मंडपेश्वर ही शंकराची लेणी. पाशुपत शैवांच्या काळातली, आतमध्ये नटराज. सोळाव्या शतकाच्या मध्यावर आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने ती ताब्यात घेतली. गुहेत मिस्सा सुरू झाली, वर टेकडीवर चर्च आणि मठ उभे राहिले. एका शिल्पाच्या जागेवर भला मोठा क्रूस कोरला गेला आणि तो आजही तिथे स्पष्ट दिसतो. या आंतोनियोने दोनशे देवळं पाडली असं सांगणाऱ्या नोंदी आहेत, आणि त्या आपल्या विरोधकांनी लिहिलेल्या नाहीत, कौतुक करणाऱ्यांकडून आलेल्या आहेत. आकडा फुगवलेला असेल. फुशारकीचा आकडा फुगतोच. पण त्याची फुशारकी मारावीशी वाटली, एवढं मला पुरेसं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला. लेणीत पुन्हा शंकर आला. आज ती पुरातत्त्व खात्याकडे आहे, वर चर्चचे अवशेष आहेत, खाली महाशिवरात्रीला रांग लागते, आणि अवतीभोवती आयसी कॉलनीतल्या ख्रिस्ती घरांत नाताळचे कंदील लागतात. त्या क्रुसासमोरून आपल्या शाळांतली मुलं सहलीला जातात. त्यांना त्याबद्दल आपण काय सांगतो? मी ऐकलेलं उत्तर एकच आहे: पोर्तुगीजांच्या वेळचं आहे, चला पुढे.

पोपनी या क्रुसासमोर उभं राहावं, असं मला वाटतं. त्यांनी तिथे प्रार्थना करू नये, आशीर्वादही देऊ नये. फक्त, हे आमच्या माणसांनी केलं आणि ते चुकीचं होतं, एवढं मराठीत सांगितलं जावं.

आता तुमच्या मनात काय येईल ते मी जाणतो, कारण हे पत्र मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्या प्रत्येकाने तेच विचारलं. 'वेड लागलंय का? आत्ता? या हवेत?' खेड्यात प्रार्थनासभेवर जमाव चालून येतो, नर्स म्हणून आयुष्य घालवलेल्या सिस्टरला रेल्वे स्टेशनवर अडवून प्रश्न विचारतात, धर्मांतराच्या आरोपाला पुरावा लागत नाही. अशा वेळी आपण होऊन कबुली द्यायची म्हणजे समोरच्याच्या हातात काठी द्यायची. ही भीती खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण काठी त्यांच्या हातात आहेच, महागुरुस्वामी. मंडपेश्वरचा क्रूस मोबाइलवर फिरतो, इन्क्विझिशनचे व्हिडिओ फिरतात, त्यात खरंखोटं एकत्र कालवलेलं असतं, आणि आपल्या बाजूने त्यावर शांतता असते. खरं आपण सांगितलं नाही की खोट्याला उत्तर देण्याचा हक्कही आपण गमावतो.

आणि सांगायची गोष्ट 'आम्ही पोर्तुगीजांचे वारस' ही मुळीच नाही. इथेच आपण स्वतःवरही अन्याय करतो. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चाललं, मध्ये चार वर्षांचा खंड पडला. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. त्यामुळे बहुसंख्य आरोपी कोण होते? नव्याने ख्रिस्ती झालेले आपलेच लोक. घरात गुपचूप जुने सण पाळले म्हणून, जुनी चाल सोडली नाही म्हणून पकडलेले. १७३६ च्या फर्मानाने गोव्यातल्या ख्रिस्त्यांना लग्नात ओव्या गायला, नवरानवरीला हळद लावायला, विडे वाटायला, दारात तुळस ठेवायला, पुरुषांना धोतर नेसायला बंदी केली. हे सगळं बंद करावं लागलं, म्हणजेच बाप्तिस्म्यानंतर कित्येक पिढ्या ते चालूच होतं. आमच्या वसईत तर ते कधी पुरतं थांबलंच नाही. इथल्या सामवेदी ख्रिस्ती घरातल्या लग्नाला या, त्यांच्या कादोडी बोलीतली गाणी ऐका, म्हाताऱ्या बायकांची लाल लुगडी पाहा, आणि मग सांगा त्या फर्मानाला किती यश आलं ते. तेव्हा मंडपेश्वरपुढे उभं राहून जे बोलायचं त्यात दोन गोष्टी याव्यात. ज्यांची देवळं गेली त्यांची क्षमा मागावी. आणि ज्यांना ख्रिस्ती करून वर त्यांच्याच ओव्यांसाठी शिक्षा झाली, त्या आपल्या पूर्वजांचीही.

हिशेब एकेरी नाही, हेही खरं. १७३९ नंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा उतरवून विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर नेल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, १७२१ सालची. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. कुणी म्हणेल, आधी त्या परत मागा, मग माफीचं बोला. मला ते पटत नाही. त्या घंटा तिथे पावणेतीनशे वर्षं वाजताहेत, भाविकांना त्यांचा आवाज आपला वाटतो, आणि त्या वितळवून तोफा केल्या असत्या त्याऐवजी त्या देवासमोर टांगल्या गेल्या. मेणवलीला मी मुद्दाम गेलो होतो. घंटा पाहून राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. असो. क्षमा मागताना समोरच्याचं देणं मोजत बसायचं नसतं, हे तर आपणच पापनिवेदनाला जाणाऱ्या पोरांना शिकवतो.

हे मी जगावेगळं काही मागत नाही. १२ मार्च २००० रोजी दुसऱ्या जॉन पॉलनी संत पीटरच्या महामंदिरात चर्चच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्तीही होती. पुढच्या वर्षी, ६ मे २००१ ला, ते दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ती जागा म्हणजे आधी अरामी देवाचं देऊळ, मग रोमन जुपिटरचं, मग बाप्तिस्ता योहानाचं चर्च, मग मशीद, आणि योहानाची समाधी आजही मशिदीच्या आत. २०२२ च्या जुलैमध्ये फ्रान्सिस व्हीलचेअरवरून कॅनडातल्या मूळ रहिवाशांपर्यंत गेले आणि निवासी शाळांत चर्चच्या माणसांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांच्याच भूमीवर त्यांनी क्षमा मागितली. तिथे जे शक्य झालं ते बोरिवलीला अशक्य का असावं?

पण मला सर्वांत जास्त शिकवून जाते ती फ्रान्सिस यांची मार्च २०२१ ची इराकभेट. करोनाचे दिवस होते, सुरक्षेचा भरवसा नव्हता, नको जाऊ म्हणणारेच जास्त होते. ६ मार्चला सकाळी ते नजफच्या अरुंद गल्लीतून चालत शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींच्या साध्या घरी गेले. तिथून ऊरला, अब्राहामाचं गाव मानतात तिथे, चंद्रदेव नन्नाच्या प्राचीन झिगुरातच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिर-मनोऱ्याच्या, सावलीत. शिया होते, सुन्नी होते, यझिदी होते, मंदाई होते, ख्रिस्ती होते. दृश्य देखणं होतं. पण अब्राहामाची लेकरं म्हणवणाऱ्या त्या मेळ्यात ज्यू समाजाचा प्रतिनिधी नव्हता. ज्या देशात ज्यूंनी अडीच हजार वर्षं काढली, तिथून १९५०-५१ च्या सुमारास एक लाखाहून जास्त ज्यू निघून गेले, आणि आता बोलवावं म्हटलं तरी मूठभरही उरले नाहीत. त्यांच्यातलेच काही शंभर-सव्वाशे वर्षं आधी बगदादहून मुंबईला आले होते. पुण्याचं लाल देऊळ आणि ससून रुग्णालय उभारायला पैसा देणारे डेव्हिड ससून त्यांपैकीच. ऊरची ती न मांडलेली खुर्ची मला त्या दिवसाच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बोलकी वाटते. जे निघून गेले, त्यांना समारंभात आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी, ७ मार्चला, फ्रान्सिस मोसुलला गेले. होश अल-बिया चौक, चारही बाजूंना उद्ध्वस्त चर्चं. सजावट करता येईल असं तिथे काही नव्हतंच. मला वाटतं, त्या दौऱ्याचं वजन ऊरपेक्षा मोसुलला जास्त होतं. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला दिवाणखान्यात बसवतो आणि माजघराचा दरवाजा ओढून घेतो. मोसुलकरांना तो दरवाजाच उरला नव्हता. आपल्याला आहे, म्हणून निवड आपली आहे.

इथल्या न मांडलेल्या खुर्च्या कोणाच्या, हेही बघा. बेने इस्रायल अजून आहेत, थोडे आहेत, बरेच इस्रायलला गेले. आहेत तोवर त्यांना बोलवा. निर्मळच्या शंकराचार्यांच्या देवळाचे पुजारी, ज्यांच्या कार्तिकी जत्रेत आमच्या बायका सुकेळी विकत आल्या, त्यांना बोलवा. एखादा वारकरी कीर्तनकार बोलवा, ज्याचं नाव कुठल्याच आखाड्याच्या यादीत नाही. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकोबांवर डॉक्टरेट केली, तेव्हा वारकऱ्यांशी बोलायला भाषा नाही अशी सबब आपल्याला नाही. आणि या सगळ्यांना पाच मिनिटांची भाषणं देऊ नका. त्यांना पोपना प्रश्न विचारू द्या. अशोकाच्या लेखात जनपदाच्या लोकांशी प्रश्नोत्तरं आहेत, मानपत्र नाही.

एका मुद्द्यावर मी स्वतःशी बरेच दिवस भांडलो. क्षमा कोणी मागायची? रोमहून आलेल्या पाहुण्याने की तुम्ही? सगळं पोपवर टाकणं सोपं आहे. ते येतील, बोलतील, विमानात बसतील, आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणू, झालं एकदाचं. म्हणून पहिलं निवेदन तुमचं हवं, इथल्या बिशपांचं, आणि तेही भेटीच्या कितीतरी आधी. पोपनी त्यावर फक्त सही केल्यासारखं उभं राहावं. त्याआधी आपल्या धर्मग्रामांत हे वाचून दाखवावं लागेल, लोक चिडतील, काही तुमच्या विरोधात सभा घेतील. होऊ द्या. आपल्या इथे पाण्यासाठी, हरित वसईसाठी मोर्चे निघालेत, चर्चच्या आवारातून निघालेत. एका सभेने चर्च कोसळणार नाही.

सुरक्षेवाले लेणीला नाही म्हणतील, हे गृहीत धरा. गर्दी, अरुंद रस्ते, उंच इमारती, सगळी कारणं खरी असतील. नजफची गल्ली यापेक्षा रुंद नव्हती. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, तीही वेळेत मागायला हवी. सरकारला वाटेल चर्च जागेवर हक्क सांगायला येतंय. त्यासाठी तुमच्या पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहा, की या जागेवर आमचा कोणताही दावा नाही आणि पुढेही असणार नाही. स्थानिक शिवभक्तांना भेटून आधी त्यांची संमती घ्या, आणि ते नाही म्हणाले तर जाऊ नका. तसं झालं तर निवेदन लेणीबाहेर, आपल्याच शाळेच्या मैदानात वाचा. पण वाचा.

कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत फादर आणि सिस्टर असतीलच. तिच्यात दोन-तीन प्रापंचिक घ्या, त्यातली एक तरी बाई असू द्या, आणि एक तरी माणूस असा, जो ख्रिस्ती नाही. या पत्राला उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, कार्यालयात मराठी टाइप करणारं कोणी नसेल तर मी समजू शकतो. निवेदन मात्र मराठीत हवं, आणि त्याचा मसुदा पाहायला मिळाला तर आमच्या धर्मग्रामातले चार-पाच जण रविवारच्या मिस्सेनंतर बसून वाचायला तयार आहेत.

आपला,
वसई धर्मप्रांतातला एक प्रापंचिक